बिब्बा उतला

टँकर आठवड्यातून चारदा यायचा तो दोनदा यायला लागला, आणि त्याच आठवड्यात पाळणाघरातल्या पोरांची पोटं बिघडली. एकाचं आवरतंय तोवर दुसऱ्याचं सुरू. ठकुबाई सकाळपासून लंगोट धुवत होती आणि ज्या पाण्यात एक धुतला त्याच पाण्यात पुढचा बुडवत होती. दुसरं पाणी आणायचं कुठून?

येलहंक्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, चौदा मजल्यांच्या चार इमारती एकदमच उठत होत्या. त्यांच्या पायाशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला जरा मोठी शेड. तेच पाळणाघर. आत पाच झोळ्या, दोन चटया, भिंतभर चिकटवलेले कागद आणि अकरा पोरं. दुपारी पत्रा असा तापायचा की पोरं रडून रडून दमायची आणि आपोआप गप्प व्हायची. ठकुबाई छतावर ओली पोती टाकायची. आता पोती भिजवण्याइतकंही पाणी उरलं नव्हतं.

जत तालुक्यातून हे नवरा-बायको इकडे आले त्याला सहा वर्षं झाली होती. दामोदर सेंटरिंगच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या फळीवरून खाली आला आणि कमरेतून गेला. जगला एवढंच. काठी टेकत नळापर्यंत जायचा आणि मोकळी कळशी घेऊन परत यायचा, इतकीच त्याची मजल उरली होती. तेव्हाच खोली खाली करायची वेळ आली होती, पण मुकादम आप्पाजीने मधली वाट काढली. आप्पाजी कन्नड माणूस, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. तो म्हणाला, "अक्का, तू पोरं सांभाळ. खोली राहू दे तुझ्याकडे." माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कशाची भानगड नको असायची. तेव्हापासून ठकुबाईच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. पोरं सांभाळायचं काम आहे तोवर खोली आहे, आणि खोली गेली तर मोडक्या कमरेचा माणूस घेऊन कुठल्या झाडाखाली बसायचं?

साइटवरची पाळणाघरं एक संस्था चालवायची. महिन्यातून एकदा संस्थेच्या ऑफिसात, येलहंक्यालाच, सगळ्या सेविकांची मीटिंग असायची. मीटिंग मुग्धा घ्यायची. ही मूळची पुण्याची, आधी कुठल्याशा कंपनीत होती, हेब्बाळला राहायची. मनाने चांगली आणि कामाला वाघ. पण बोलायला लागली की निम्मं इंग्रजी, आणि उरलेलं निम्मं इतकं भरभर की बायका नुसत्या तिच्या हातांकडे बघत बसायच्या.

"आज आपण तीन टॉपिक घेणार आहोत," मुग्धा म्हणाली. "आधी हायजीन, मग आजारपण आणि डॉक्टरांची माहिती, आणि लास्टला बालसुरक्षा. लास्टचं सगळ्यात इम्पॉर्टंट आहे, म्हणून कोणी मध्येच उठायचं नाही हं. आणि सह्या आत्ताच करून टाका. नंतर फार गडबड होते."

ठकुबाईने आपलं नाव काढलं. तिला तेवढंच लिहिता यायचं, पण ती अक्षरं ती सावकाश, नेटकी काढायची. मग मुग्धाने हात धुवायचे कसे ते दाखवलं. वीस सेकंद, नळाखाली, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

"म्याडम," ठकुबाईने विचारलं, "हात चोळताना नळ चालू ठिवायचा का बंद?"

"बंद! पाणी वाया नको."

"न्हाई, आमच्याकडं त्यो आपल्या आपनच बंद आसतोय, म्हनून इचारलं."

सगळ्या बायका हसल्या. मुग्धाही हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. तिने वहीत पाण्याचं काहीतरी टिपून घेतलं.

जुलाबाच्या पाकिटांचं सांगून झालं, दवाखान्यांचे नंबर सांगून झाले, आणि ठकुबाईचा फोन वाजला. दामोदर होता. टँकर तीनला यायचा तो बाराला येतोय, ड्रायव्हर म्हणतोय पुन्हा शुक्रवारीच. पिंप हलवायचं तर माझ्यानं होत नाही. ठकुबाई उठलीच.

"अहो ठकुबाई, मेन सेशन राहिलंय!"

"पान्याचं हाय, म्याडम. कागद द्या की तेवढे, भितीला लावते."

मुग्धाने कपाळावर हात मारला आणि कागदांचा जुडगा तिच्या हातात दिला. ठकुबाई बस पकडून परत आली, पिंपं भरली, पोरांच्या तोंडावरून ओला हात फिरवला आणि संध्याकाळी खळ लावून कागद चिकटवले. एका चित्रात उगारलेला हात होता, त्यावर लाल फुली. ते कळलं, मारायचं नाही. दुसऱ्यात खाली फोनचा नंबर होता. तिसऱ्यात उताणं झोपलेलं बाळ, त्याच्या पोटावर ठिपके, त्यावरही लाल फुली. हे गोवराचं असणार. गोवर आलेलं पोर आत घ्यायचं नाही, असं ठकुबाईने मनाशी ठरवलं आणि चौथ्या कागदाकडे वळली.

अभिराज सात महिन्यांचा होता. त्याची आई स्मिता, कंधारकडची, विशीतली. नवरा होसूरच्या बाजूला दुसऱ्या साइटवर गेला होता, महिन्या-दोन महिन्यांनी उगवायचा. स्मिता वाळू वाहायची. सकाळी पोराला ठकुबाईच्या हातात द्यायची, दुपारी धावत येऊन पाजायची, आणि पाजता पाजता तिथेच बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. ठकुबाई तिला पाच मिनिटं तशीच झोपू द्यायची, मग खांद्याला धरून हलवायची.

अभिराजचे जुलाब पाकिटाच्या पाण्याने थांबले. पण पोट उतरेना. डग्ग्यासारखं टणक झालेलं, आणि पोर पाय पोटाशी घेऊन तासन् तास कळवळायचं. सोमवारी स्मिता त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. एक वाजेपर्यंत रांगेत उभी राहिली, थेंबांची बाटली मिळाली, अर्धा दिवस बुडाला. थेंब घालून दोन दिवस झाले तरी रडणं तेच. गुरुवारी दुसऱ्या इमारतीचा स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी जो गैरहजर राहिला तो कायमचाच गैरहजर, हे साइटवर सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, काहीतरी करा ओ," स्मिता दारात उभी राहून म्हणाली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "रातभर रडायलंय. माझ्या तर हातपायात जीव नाई राहिला. गावाकडं असते तर सासूनं केलं असतं काहीतरी."

"दवाखान्यात न्यायचं का परत?"

"आज कसं नेऊ माय? आज स्लॅब हाय."

ठकुबाईने पोराच्या पोटावर हात फिरवला. हे दुखणं तिच्या हाताच्या ओळखीचं होतं. तिच्या स्वतःच्या पोटावर आईने घातलेले ठिपके अजून होते. तिच्या दोन्ही पोरांना तिनेच घातले होते, आणि दोघं धडधाकट होऊन आपापल्या संसाराला लागले होते. त्यात काही जगावेगळं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. उलट, पोराचे हाल बघून आपण इतके दिवस हात बांधून का बसलो, असंच तिला वाटलं.

"बिब्बा घालू का?" तिने विचारलं.

"घाला की, मावशी," स्मिता म्हणाली आणि डोक्यावरची चुंबळ सावरत पळाली.

बिब्बे तिच्या कपड्यांच्या पेटीत, चिंधीत बांधलेले असायचे. तिने एक निवडला, दाभण टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरला. बिब्बा चुरचुरला आणि काळं तेल सुटून दाभणाच्या टोकाशी आलं. दोन पोरं चटईवरून सरकत बघायला आली, त्यांना तिने डोळे वटारून मागे सारलं. मग अभिराजला मांडीवर आडवं घेतलं आणि बेंबीभोवती पाच ठिपके दिले, वरून चुन्याचं बोट. पोर किंचाळलं, मग हुंदके देत राहिलं, आणि तासाभराने झोपलं. सलग चार तास झोपलं. जुलाबामुळे गळाठलं होतं म्हणून झोपलं, की पोटातला वारा सरकला म्हणून, की नुसतं दमून, देव जाणे. स्मिता संध्याकाळी सिमेंटने पांढरे झालेले हात घेऊन आली, झोपलेल्या पोराकडे बघितलं आणि ठकुबाईच्या पाया पडली. ठकुबाईला बरं वाटलं. आपल्या हाताला अजून गुण आहे, असं वाटलं. हे सांगायला हवं, कारण पुढे तिला ह्याच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटली.

शुक्रवारी ठिपके लाल झाले. शनिवारी त्यांच्या भोवती पाण्याने भरलेले फोड आले, एकातून दुसऱ्यात मिसळले आणि उजव्या कुशीतून मांडीपर्यंत उतरले. बिब्बा उतला होता. एखाद्याच्या अंगाला तो सोसत नाही, हे ठकुबाई जाणून होती. पण सात महिन्यांच्या कातडीवर तो असा पसरलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिने खोबरं चावून चावून त्याचा लगदा लावला. तिचे दात हलत होते, हिरड्यांतून रक्त आलं, तरी चावत राहिली. दुपारपर्यंत पोराचं अंग भाजायला लागलं, आणि ते रडायचं थांबून नुसतं कण्हायला लागलं. 

ती पोराला उचलून उन्हातून तशीच स्लॅबकडे गेली. स्मिताच्या आधी आप्पाजी समोर आला. त्याने फडकं उचलून बघितलं आणि तोंड फिरवलं.

"अय्यो. अक्का, काय केलं हे?" मग तो जवळ आला, हळू बोलायला लागला. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या, मी ऑटो देतो. पण स्वल्प ऐका माझं. तिथं पाळणाघर म्हणायचं नाही. घरी गरम पाणी सांडलं म्हणायचं. पाळणाघर म्हटलं की इन्स्पेक्शन येतंय, शेड बंद होतंय, मग ह्या बायका कामाला कशा येणार? तुमचं खोली पण माझ्या हातात राहत नाही. सरी? कळलं ना?"

ठकुबाईने फडकं परत पोरावर ओढलं. स्मिता तिथे येऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. पोराला घेता घेता ती म्हणाली, "म्हंते मी तसं. माझ्याकडनंच सांडलं म्हंते. तुम्ही नका बोलू, मावशी. तुम्ही गेल्या तर ह्याला कुठं ठेवू मी?"

आणि ठकुबाईने मान डोलावली. वाईट वाटायच्या आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. माणूस घाबरला की असंच होतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने फोड बघितले, स्मिताकडे बघितलं, पुन्हा फोड बघितले. गरम पाणी काही बेंबीभोवती मोजून पाच ठिकाणी सांडत नाही. तिने पोराला भरती करून घेतलं, आणि अशा खुणा दिसल्या की वर कळवावं लागतं, असं हिंदीत सांगून फोन करायला गेली. पोर साइटच्या पाळणाघरातलं आहे हे केसपेपरवर आलंच होतं. रविवारी दुपारी मुग्धा हजर झाली. घामाने थबथबलेली, खांद्याला पिशवी, हातात फॉर्म.

वऱ्हांड्यातल्या बाकावर स्मिता बसली. ठकुबाई पलीकडे भिंतीला टेकून खाली बसली होती. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं आणि तिचाही पाय निघत नव्हता.

"घाबरू नकोस," मुग्धा म्हणाली. "मला फक्त काही प्रश्न विचारावे लागतात. घरी कोण कोण असतं?"

"मी आन लेकरू."

"मिस्टर? ते हात उचलतात का? ड्रिंक वगैरे?"

"ते इथं नसतेत."

"बाळ खूप रडलं की तुला राग येतो? कधी रागाच्या भरात त्याला काही केलंस का? चिमटा, चटका?"

स्मिताने नाही अशी मान हलवली. आत पोराला सलाइन लावलेलं होतं, ते अंगावर पीत नव्हतं, आणि तिच्या पोलक्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग वाढत चालले होते. तिने पदर घट्ट ओढून घेतला. येणारे-जाणारे बघत होते.

"हे बाळ हवं होतं ना तुला?"

स्मिताने वर बघितलं. तिला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ती म्हणाली, "हाव."

मुग्धाने लिहिलं. तिचा आवाजही आता बारीक झाला होता. "तुझ्याकडून गरम पाणी सांडलं असं तू म्हणतेस. डॉक्टर म्हणतात, ते तसं दिसत नाही. त्यामुळे हे बालकल्याण समितीपुढे जाणार. तुला तिथे यावं लागेल. तोपर्यंत बाळ तुझ्याकडे ठेवायचं की नाही, हे ते ठरवतील. माझ्या हातात नाही गं ते."

"कुठं ठेवतेत त्याला?"

"अजून काहीच ठरलेलं नाही."

स्मिताने एकदाही ठकुबाईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती फॉर्मकडे बघत राहिली. ठकुबाईच्या डोळ्यांपुढे खोली आली, काठी टेकत दाराशी आलेला दामोदर आला, पाण्याचं पिंप आलं. ह्या वयात कुठे जायचं? कोण ठेवून घेणार? आणि ही कालची पोरगी, दूध गळत असलेली, आपलं पाप आपल्या डोक्यावर घेऊन बसली आहे. ठकुबाईला स्वतःची किळस आली. ती भिंतीला हात टेकून उठली. गुडघे कडाकडा वाजले.

"म्याडम, ते खोडा."

"काय?"

"तिचं नाव खोडा. पानीबिनी काय सांडलं न्हाई. बिब्बा हाय त्यो. मी घातलाय. पाळनाघरात, माज्या मांडीवर घेऊन."

"मावशी, गप बसा की ओ!" स्मिता ओरडली आणि मग इतका वेळ अडवलेलं रडू तिला फुटलं.

मुग्धा ठकुबाईकडे बघतच राहिली. "ठकुबाई? तुम्ही? अहो, पण तुम्हाला माहीत होतं! बिब्बा, डाग, चटके, काहीही नाही करायचं, हे मागच्याच मीटिंगला सांगितलं मी. अर्धा तास त्यावर बोलले. सही आहे तुमची." तिने फोन काढला, हजेरीच्या कागदाचा फोटो शोधला आणि पुढे धरला. सावकाश काढलेली नेटकी अक्षरं.

"सही हाय माजी," ठकुबाई म्हणाली. "पर मी न्हवते."

"म्हणजे?"

"टँकर आल्ता."

मुग्धाचं तोंड उघडं राहिलं. मग तिने फोन खाली घेतला. सह्या आधी घ्यायची तिची पद्धत होती, गडबड नको म्हणून. प्रत्येक महिन्याला वर पाठवायचा अहवाल त्या सह्यांवर चालायचा. इतक्या सेविकांना इतकी माहिती दिली, असा.

"पण कागद दिले होते ना मी? ते चित्र? पोटावर ठिपके, लाल फुली?"

"गोवराचं?" ठकुबाईने विचारलं.

मुग्धाने चष्मा काढला. ओढणीने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.  मग तिने फॉर्मवरचं नाव खोडलं आणि त्याच्या वर दुसरं लिहिलं. खाली रिकाम्या जागेत आणखी दोन ओळी लिहिल्या.

"सेविका शेवटच्या भागाला हजर नव्हती आणि सही मी आधी घेतली होती, हेही लिहिलंय मी," ती म्हणाली. "त्याने फारसा फरक पडणार नाही, ठकुबाई. चौकशी होईपर्यंत तुम्हाला पाळणाघरात पाऊल टाकता येणार नाही. कुठल्याही मुलाला हात लावायचा नाही. अगदी उचलायचंसुद्धा नाही. कळलं ना?"

"कळलं."

"असं का केलंत हो?"

"पोरगं रडत हुतं," ठकुबाई म्हणाली. 

दामोदरने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरीचं ताट बाजूला सारलं. "बोलायची काय गरज हुती? ती म्हनत हुती न्हवं, माज्याकडनं झालं म्हनून?"

"तिचं पोर काढून घ्याय निगाले हुते."

"आन् आपलं काय? आपली खोली ग्येली म्हंजे?"

"अवो, खावा आता."

"कमर माजी मोडली, ठके, डोस्कं तुजं ग्येलं," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. थोड्या वेळाने त्याने न वळता विचारलं, "पोर कसं हाय?"

"ताप उतारलाय."

"मग बास," दामोदर म्हणाला.

सोमवारी आप्पाजीने तिला शेडपाशी बोलावलं. तो चिडलेला होता, पण चिडून चिडून कंटाळलेलाही होता. संस्थेची माणसं येऊन गेली होती, साहेबाने त्याला चार शब्द सुनावले होते. तो म्हणाला, खोलीत राहायचं तर घरातला एक माणूस साइटवर पाहिजे, हे नियम आहे, मी काय करू? घमेलं उचलता येतंय का बघा, अक्का. ठकुबाईचं वय बावन्न. तिने दुसऱ्या दिवसापासून घमेलं उचललं.

पहिल्या दिवशी मान अवघडली, दुसऱ्या दिवशी तळपाय फुटले, तिसऱ्या दिवसापासून कुठे काय दुखतंय ते वेगळं कळेनासं झालं. बायका तिला वाळूच्या ढिगाशी अर्धंच घमेलं भरून द्यायच्या आणि मुकादम बघत असला की वर थोडी वाळू भुरभुरवायच्या. पाळणाघर कामाच्या वाटेवरच होतं. येता-जाता पत्र्याआडून रडण्याचे आवाज यायचे, आणि कुठलं पोर रडतंय, भुकेने की झोपेने, हे तिला न बघता कळायचं. ती पाय उचलून पुढे जायची.

पाळणाघरात संस्थेने प्रांजली नावाची नवी सेविका पाठवली होती. निपाणीकडची, लग्न होऊन नुकतीच इकडे आलेली, बारावी शिकलेली. भिंतीवरचा एकूण एक कागद तिने वाचून काढला होता. पोरं मात्र तिला वाचता येत नव्हती. निधी दूध कशाने पिते, वेदिका झोळीत का घाबरते, हे कागदावर नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी ठकुबाई दारावरून जात होती तेव्हा ती धावतच बाहेर आली.

"अक्का, थांबा ना जरा. मला ह्यांचं सगळं सांगा. मी लिहून घेते."

"मला सांगायची परवानगी हाय का?"

"हात लावायचा नाही एवढंच लिहिलंय. बोलायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

ठकुबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, घमेलं पोटाशी धरून. एकेका पोराचं सांगायला लागली. निधीला वाटीने नको, चमच्याने पाज, वाटी बघितली की तोंड मिटते. वेदिकाला झोळीत घातलं की एक हात धरून ठेव, सोडू नको, ती कधीतरी पडलेली आहे. थोरल्या जुळ्यांना एकमेकांच्या नजरेआड करू नको. प्रांजली भराभर लिहीत होती. मध्येच वर बघून विचारायची, पुन्हा लिहायची. वीस सेकंद हात धुवायचं कसं, हे तिने विचारलं नाही. तिनेही पिंप पाहिलं होतं.

तेवढ्यात स्मिता आली. कडेवर अभिराज. कालच त्याला दवाखान्यातून सोडलं होतं. समितीने पोर आईकडेच ठेवलं होतं, दर आठवड्याला दाखवायला न्यायचं होतं. तो वाळला होता, डोळे मोठे दिसत होते, पोटावर औषधाचा पिवळा कपडा गुंडाळलेला होता. ठकुबाईला बघितल्यावर त्याने दोन्ही हात पसरले आणि आईच्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतली, रोजच्यासारखी.

स्मिता थबकली. "घ्या की, मावशी. कोण बघायलंय?"

ठकुबाईने घमेल्याची कड आणखी घट्ट धरली. "न्हाई. तिच्याकडं दे."

स्मिताने पोर प्रांजलीच्या हातात दिलं. ते पाठ ताठ करून ठकुबाईकडे वळून रडायला लागलं.

"लिव्ह," ठकुबाई प्रांजलीला म्हणाली. "ह्याला उजव्या कुशीवर निजवू नगंस, तितं अजून वलं हाय. लंगोट सैल बांद. आन् ह्याची आई, न्हाईतर कुनाचीबी आई, रडली, पाया पडली, तरी पोटाला काय लावायचं न्हाई. दवाखान्यात धाडायचं. मुकादम काय म्हनला तरी धाडायचं. हे आंदी लिव्ह."

प्रांजलीने एका हाताने पोर सांभाळत वही गुडघ्यावर टेकवली आणि लिहिलं. स्मिता खाली मान घालून ऐकत होती. मग तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ढिगाकडे चालायला लागली. आप्पाजीने लांबून हाक मारली.

पोर रडायचं थांबत नव्हतं. प्रांजलीने त्याला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं, हलवलं, चुचकारलं. "अक्का, हा असा रडायला लागला की तुम्ही काय करत होता?"

"खांद्यावर घ्यायची. पाठीवर थापटायची. थांबतोय."

प्रांजलीने त्याला खांद्यावर घेतलं आणि थापटलं. तिच्या खांद्यावरून अभिराज हात पुढे करत होता, ठकुबाईच्या पदरापर्यंत ते वीतभर कमी पडत होते.

"थांबत नाहीये, अक्का."

"थांबल," ठकुबाई म्हणाली. "तुजी सवय हुईल त्याला."

आणि ती कामावर गेली.